खोक्यासकट वजन

९ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. फोन करता आला असता, पण तुझ्याकडे फोन वाजला की आई तो लाउडस्पीकरवर टाकते आणि समोर खुर्ची ओढून बसते. ही बातमी आधी फक्त तुला सांगायची आहे, म्हणून घरी न पाठवता तुझ्या रोपवाटिकेच्या पत्त्यावर पाठवते आहे.

ताई, मला दिवस गेलेत.

मी पडले वजनमापे खात्यातली बाई. दुकानदाराचा काटा आमची शिक्क्याची वजनं ठेवून पाहिल्याशिवाय मी खरा मानत नाही, तर स्वतःच्या बाबतीत एका पट्टीवर कसा विश्वास ठेवीन? तीन दुकानांतून तीन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या आणल्या. तिन्हींवर दोन-दोन रेघा, त्याही अशा ठळक की चष्मा लावायला नको. सकाळी मळमळतं. आमच्या लिफ्टवाल्यांना (लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून नवऱ्याला तू ठेवलेलं हे नाव आता मीही वापरते, तेही ओ देतात) इतका आनंद झाला की एक पट्टी खिशात घालून कामावर न्यायला निघाले होते. मी हिसकावून घेतली.

आता तू रागावशील ती गोष्ट. गेल्या वर्षी जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. पोटात मूल नव्हतंच, द्राक्षांच्या घडासारखे नुसते पाण्याचे फोड वाढत होते. द्राक्षगर्भ म्हणाले त्याला, आणि पिशवी साफ करावी लागली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. रक्तातल्या गर्भाच्या संप्रेरकाचा आकडा अगदी खाली येऊन तिथेच टिकतोय ना हे तपासत राहायचं, आणि वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. आकडा तर भराभर उतरत होता. मग माझी बाजारांची फिरती लागली, तब्येतही ठणठणीत वाटत होती, आणि शेवटच्या तपासण्या मी टाळल्या. वर्षही अजून भरलेलं नाही. आता कोणत्या तोंडाने त्यांच्यासमोर जाऊ? चांगले चार महिने होऊ देते आणि मग जाते. तेव्हा काय करतील, ओरडतील आणि गप्प बसतील.

मधूनमधून थोडं रक्त अंगावर जातं, आणि खोकला काही केल्या हटत नाही. दुकानांतली धूळ, दुसरं काय.

रागावलीस तरी लोभात काटछाट करू नकोस.

तुझी
भिंगरी

१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र हातात पडलं तेव्हा मी गुलाबांच्या कलमांना डोळे भरत होते. एका हातात चाकू, दुसऱ्या हातात तुझं पाकीट. वाचलं आणि तिथेच लिंबांच्या कुंड्यांमध्ये बसकण मारली. बरोबरच्या बायका धावत आल्या, त्यांना वाटलं बोट कापलं. मी म्हटलं, डोळ्यात माती गेली. लहानपणी एका जागी बसायची नाहीस म्हणून तुझं नाव भिंगरी पडलं, आणि आता तुझ्यामागे धावणारं कुणी येणार या विचाराने मला हसू आवरेना. दोन नावंही ठरवून टाकली, सांगणार नाही.

पण हसून झाल्यावर पत्र पुन्हा वाचलं. अंगावर जातंय, खोकला आहे, आणि तू डॉक्टरांना तोंड चुकवतेस? लाज कसली धरतेस बाई? तुझ्या लिफ्टवाल्यांना मी कामावर फोन केला. त्यांना खोटं बोलायला जमत नाही, तिसऱ्या प्रश्नाला दोन मजल्यांच्या मध्ये अडकतात. रुमालावर रक्त दिसलं होतं म्हणाले. ही धूळ नव्हे.

तर ऐक. या रविवारच्या आत डॉक्टरीणबाईंना दाखवून यायचं. गेली नाहीस तर रविवारी मी तुला फोन लावीन, आई लाउडस्पीकर लावील, आणि मी पहिल्याच वाक्यात सगळं सांगून टाकीन. मला ओळखतेस तू.

माया आहे म्हणून दम देते. उलट टपाली कळव.

तुझी
ताई

२० जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या धमकीला घाबरून गेले, म्हणजे पुढच्या सगळ्याला जबाबदार तू.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सोनोग्राफी करणारीने पोटावरून यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग उठून बाईंनाच बोलावून आणलं. पिशवीत मूल नाही म्हणाल्या. भिंतीत एक गाठ आहे, रक्ताने भरलेली. रक्तातला आकडा मात्र लाखाच्या वर. मग छातीचा एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसांत कुणी पिठाची बोटं टेकवावीत तसे पांढरे ठिपके. बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि सांगितलं की हा कॅन्सर आहे, फार क्वचित होणारा, कोरिओकार्सिनोमा म्हणतात. द्राक्षगर्भाच्या काही पेशी मागे राहिल्या होत्या, त्यांच्यापासून झालेला. औषध याच आठवड्यात सुरू करायचं.

मी पर्स उचलली आणि बाहेर आले.

मला हे पटत नाही, ताई. गाठीचा तुकडासुद्धा काढून पाहिला नाही त्यांनी. गरज नाही म्हणतात, वर काढला तर रक्त थांबवणं कठीण. न तपासता शिक्का मारायचा? आमच्या खात्यात कुणी असं केलं तर घरी बसवतील. माझ्या तीन पट्ट्या आणि त्यांची स्वतःची लॅब, चार काटे एकच सांगताहेत. चार काटे एकच सांगत असतील तर पारड्यात काहीतरी आहे. एवढंसं असेल, कुठे आडोशाला असेल, यंत्राला दिसलं नसेल. ते औषध वाढणाऱ्या पेशी मारतं म्हणे. म्हणजे मूल असलं तर तेही जाणार. एकदा हातचं गेलं, आता दुसऱ्यांदा मी होऊन मारू?

मी महिनाभर थांबून पुन्हा सोनोग्राफी करणार आहे. हे माझ्याशी बोलत नाहीत, नुसते घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालत फिरताहेत. तू तरी माझ्या बाजूने उभी राहा.

तुझ्या मायेवर भरवसा ठेवून,
भिंगरी

२३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या बाजूने आहे म्हणूनच हे लिहिते. फोन तू दोनदा ठेवून दिलास. कागद फाडलास तरी तुकडे जुळवून वाचशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

लिफ्टवाल्यांकडून नंबर घेऊन मी तुझ्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. फार शांत बाई. मला एकेक गोष्ट तीन-तीनदा विचारावी लागली आणि त्यांनी तीनदा सांगितली. आता तुला कसं सांगायचं यावर मी कालपासून डोकं खाजवते आहे. तुझ्याच धंद्यातलं घेते.

तू बाजारात लोकांना दंड कशासाठी करतेस? काटा खोटा आहे म्हणून क्वचितच. तूच सांगितलंयस, बहुतेक जण सापडतात ते खोक्यासकट वजन केल्याबद्दल. काटा खरा, आकडा खरा, पण जाड पुठ्ठ्याचं खोकंही मालाच्या भावाने गिऱ्हाइकाच्या गळ्यात. आता ऐक. पट्टीवर रेघा उमटतात त्या मुलामुळे नाही. ती खूण सोडते वार. मुलाला आईशी जोडणारी, तिच्या रक्तातून त्याला पोसणारी, आणि बाळंतपण झालं की टाकून देतात ती वार. तिच्या पेशी ते द्रव्य रक्तात सोडतात आणि जगातली प्रत्येक पट्टी तेवढंच मोजते. म्हणजे तुझी, माझी, कुणाचीही पट्टी नेहमी खोकंच मोजत आली. आत माल आहे हे आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा असतोही.

तुझ्याकडे, भिंगरे, नुसतं खोकं आहे. ते रिकामंच वाढतंय आणि तुझ्या छातीपर्यंत पोचलंय.

तुझे चारही काटे खरे आहेत. म्हणूनच तर त्यांना तुकडा नको. या रोगाचं माप रक्तातच मिळतं, आणि औषध चालतंय की नाही हेही तेच माप सांगणार. बाकीच्या कॅन्सरांना इतका चोख काटा फारसा मिळत नाही म्हणाल्या. आणि हे नीट वाच: छातीत पसरलेला असला तरी बहुतेक बायका या रोगातून पूर्ण बऱ्या होतात. पूर्ण. मी पुन्हा विचारलं, पुन्हा पूर्णच म्हणाल्या. पण महिनाभर थांबून नव्हे. तो आज छातीत आहे, उद्या मेंदूत जाऊ शकतो, आणि तिथे रक्त सुटलं तर काही हातात राहत नाही.

मूल नाही, हे दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. दोन नावं ठरवून बसले होते ना मी. ती दोन्ही मलाच गिळावी लागली, तुझं काय झालं असेल.

उद्या सकाळी जा. पटलं म्हणून जा, नाहीतर माझ्यावर चिडून जा, पण जा. तू मला हवी आहेस.

तुझी
ताई

१० फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फाडलं होतं तुझं पत्र. जुळवलंही. भर बाजारात दुसऱ्यांना जे शिकवत हिंडते तेच मला माझ्या धाकट्या... नाही, थोरल्या बहिणीकडून शिकावं लागलं. (बघ, औषधाने हेही सुचेनासं होतं.) दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी पायरीवर होते. तिथे बसून एकदा पोटभर रडले. रडणं त्या नसलेल्या मुलासाठी होतं, रोगासाठी नव्हे. रोगासाठी रडायला अजून सवड मिळालेली नाही.

वॉर्डात सहा खाटा आहेत. माझी खिडकीशी, बाहेर हॉस्पिटलच्या धोबीखान्याचं वाफेचं धुराडं दिसतं. औषध पिवळं आहे. नर्सबाई शीर अशी पकडतात की तुमच्या रोपवाटिकेत नोकरी द्यावी. तोंड आतून सोलवटलंय, पाणीसुद्धा झोंबतं. पण आकडा उतरतोय. आठवड्याला रक्त घेतात आणि चिठ्ठी आली की आधी मी वाचते, मग डॉक्टर. त्यांनीच तशी परवानगी दिली आहे. मोजमापाचं खातं आहे तुमचं म्हणाल्या.

ताई, तुला एक सांगायचं आहे आणि कसं सांगू कळत नाही. मला भीती वाटायला हवी होती, आणि मी चकित होऊन बसले आहे.

काल डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षीच्या द्राक्षगर्भाची काच दाखवली, मीच हट्ट धरला म्हणून. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला. जांभळे ठिपके, गुलाबी किनारी. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर, किडकं दिसेल. इतकं नक्षीदार होतं की मी डोळा काढायलाच तयार नव्हते. बाई म्हणाल्या, या पेशी मुळात वाईट नाहीत. प्रत्येक गर्भारपणात त्या हेच करतात. आईच्या पिशवीच्या भिंतीत शिरतात, तिच्या रक्तवाहिन्या शोधतात, त्या रुंद करून घेतात, आणि आईचं शरीर परक्याला हाकलतं तसं त्यांना हाकलत नाही. शरीरात दुसऱ्या कुणाला ही मुभा नाही. आणि मग एका ठरावीक खोलीवर त्या थांबतात. आपोआप. तुझ्या वेळी आईच्या पोटात थांबल्या, माझ्या वेळी थांबल्या, रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या वेळी थांबल्या, म्हणून इतकी माणसं आणि इतक्या आया जिवंत आहेत. का थांबतात हे पुरतं कुणाला कळलेलं नाही. माझ्या थांबल्या नाहीत, एवढाच काय तो फरक.

मी तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघते आहे. जेवणाची गाडी ढकलणारी बाई, पलीकडच्या खाटेवरची चिडकी आजी, आमचे लिफ्टवाले. सगळे त्या थांबण्यातून आलेले. माझ्या अंगावर काटा येतो, आणि ती भीती नाही.

आता एक नाजूक गोष्ट. बाईंनी सांगितलं की माझ्यासारख्या द्राक्षगर्भात बीज रिकामं असतं, बाईकडचा गुणसूत्रांचा वाटा त्यात नसतोच. सगळा वाटा बापाचा, तोच दुप्पट झालेला. म्हणजे या गाठी माझ्या अंगात आहेत पण माझ्या नाहीत, यांच्या आहेत. बाई सहज बोलून गेल्या, पण यांचा चेहरा उतरला. तेव्हापासून माझ्या खाटेपासून दोन हात लांब बसतात. हॉस्पिटलची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर कुरकुरते, एरवी त्यांनी पदरचा स्पॅनर काढला असता, आता तिकडे लक्षही नाही. माझं ऐकत नाहीत. तू बघ.

माया पाठवत राहा, ती गिळायला त्रास होत नाही.

तुझी
भिंगरी

१७ फेब्रुवारी

रा. रा. लिफ्टवाले यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमची मेहुणी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, तेव्हा खाटेपासून दोन हात लांब नव्हे, खाटेवर बसून वाचा.

मी आयुष्यभर कलमं केली. खुंट एका झाडाचा, डोळा दुसऱ्या झाडाचा. चाकूने साल उचलायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी बांधायची आणि वाट बघायची. दोघं एकमेकांना धरतात तेव्हा मला अजूनही, इतक्या वर्षांनी, नवल वाटतं. आणि कधीकधी धरत नाहीत, किंवा भलतंच काही फुटतं. खुंट चांगला असतो, डोळा चांगला असतो, हातही चुकलेला नसतो. तेव्हा मी कुणाला शिक्षा करू? गुलाबाला?

मी तुमच्या डॉक्टरीणबाईंना स्पष्टच विचारलं, नवऱ्याचं काही चुकलं होतं का. त्या म्हणाल्या, बीज रिकामं का आलं हेच कुणाला माहीत नाही, तर त्यात कुणाची चूक काढणार. तुम्ही काही केलं नाहीत आणि तिनेही काही केलं नाही. तुमचा तो वाटा तिच्या अंगात औषध खातो आहे आणि मरतो आहे. त्याच्यासाठी तिच्यापासून लांब बसू नका. तिला आत्ता तुमचा दुसरा वाटा हवा आहे, तो म्हणजे तुमचा हात, तो तिच्या हातात द्यायचा असतो.

आणखी एक. आईला सांगितलं. तुम्ही दोघं घाबरू नका. तिने सगळं ऐकून घेतलं, लाउडस्पीकर बंद कसा करतात ते माझ्याकडून शिकून घेतलं, म्हणजे यापुढे पोरीला माझ्याशी मोकळं बोलता येईल. मग आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, आणि पोरीला घास जातो का एवढंच तिने विचारलं.

ती लिफ्ट दुरुस्त करा. पेशंट असतात तिच्यात.

तुमची
ताई

५ मार्च

ति. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

मला पत्र लिहिता येत नाही. कामाचा अहवाल लिहितो तसं लिहितो, चुकलं तर क्षमा असावी.

मागचे दोन आठवडे आकडा उतरला नाही. पहिल्या आठवड्यात आहे तिथेच राहिला, दुसऱ्या आठवड्यात वर गेला. तिने चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पेशी एका औषधाला सरावल्या आहेत, असं होतं कधीकधी, आता पाच औषधं मिळून देऊ. मी विचारलं, आणि ती पाचही चालली नाहीत तर? त्या म्हणाल्या त्यानंतरही औषधं आहेत, पण मी खोटा दिलासा देणार नाही, हा आठवडा महत्त्वाचा आहे.

तिचे केस गेले. उशीवरचे मी गोळा केले. आता ती पत्र लिहू शकत नाही, बसली की चक्कर येते. तुमची पत्रं मी वाचून दाखवतो. कलमाचं पत्र तीनदा वाचायला लावलं, आणि शिक्षा करू कुणाला, गुलाबाला, इथे दर वेळी हसते.

मी आता खाटेवरच बसतो. खुर्ची पलीकडच्या आजींना दिली.

लिफ्ट दुरुस्त केली. परवानगी घेतली नव्हती, त्यावरून थोडं झालं. कुरकुर थांबली.

ताई, मी माझ्या धंद्यात घाबरत नाही. लिफ्टच्या उंच बोगद्यात, तारांवर, कुठेही काम करतो. इथे मला फार भीती वाटते. ती गेली तर मी काय करीन हे मला माहीत नाही. हे कुणाला तरी सांगायचं होतं.

आशीर्वाद असू द्यावेत.

आपला
लिफ्टवाला

२ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्या हातचं आहे, अक्षर बघ, जरा लटपटलं आहे पण माझंच आहे.

आकडा उतरला. त्या पाच औषधांच्या पहिल्याच फेरीनंतर असा कोसळला की लॅबवाल्यांनी दुसऱ्यांदा रक्त मागवलं. मग दर आठवड्याला खाली, खाली, आणि गेले तीन आठवडे तो कुठल्याही धडधाकट बाईच्या रक्तात असावा तेवढाच आहे. म्हणजे जवळजवळ नाहीच. एक्स-रेतले ठिपके विरले. एका जागी धागा राहिल्यासारखी खूण आहे, ती जखमेची असते म्हणाल्या. अजून काही फेऱ्या द्यायच्या, कुठे एखादी पेशी लपून बसली असेल तर तिच्यासाठी, आणि पुढे वर्षभर तपासण्या. या वेळी एकही चुकवणार नाही. बाई म्हणाल्या की त्यांच्या हिशेबी मी बरी झाले आहे.

बरी झाले आहे, हे वाक्य मी खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणून पाहिलं. पलीकडच्या आजींनी गप्प बस म्हणून दटावलं, मग स्वतःच डोळे पुसले.

छातीत पसरलेला कॅन्सर नुसत्या शिरेतल्या औषधाने पुसून जातो, पिशवी न काढता, चाकू न लावता. मी बाईंना म्हटलं की हे मला समजलं आहे तरी खरं वाटत नाही. त्या म्हणाल्या, एवढी वर्षं हेच करते आहे, मलाही दर वेळी खरं वाटत नाही.

पण ताई, आनंदाच्या मागून एक गोष्ट आत येऊन बसली आहे. आता सगळं समजलं, म्हणून हेही समजलं की दोन्ही वेळा माझ्या पोटात मूल नव्हतं. कधीच नव्हतं. मग मी ज्याच्यासाठी रडले ते काय होतं? गेलेल्या मुलाची आई असते. नसलेल्या मुलाची कोण असते? मी आई झालेच नाही, तरी तिचं दुःख माझ्या वाट्याला कसं आलं? हे मी बाईंना विचारलं. त्यांनी याला औषध नाही असं सरळ सांगितलं. मग निघता निघता त्यांनी एक भलतीच गोष्ट सांगितली.

पोटात मूल असतं तेव्हा त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. थोड्याशाच. त्यातल्या काही, मूल बाहेर आल्यावरही आत राहतात. वर्षानुवर्षं. म्हाताऱ्या बायकांच्या रक्तात, हृदयात, अगदी मेंदूतसुद्धा मुलांच्या पेशी सापडल्या आहेत. त्या तिथे काय करतात हे अजून कुणाला नीट माहीत नाही. माझ्या बाबतीत तशाच वाटेने गेलेल्यांनी उच्छाद मांडला, पण वाट जुनी आहे, सगळ्या आयांची आहे. म्हणजे तू आणि मी, ताई, आईच्या अंगात अजून कुठेतरी असू. ती लाउडस्पीकर लावून आपल्याला बाहेर ऐकत होती तेव्हाही.

मी दोन दिवस याच विचारात आहे. माझा प्रश्न सुटलेला नाही, पण त्याच्याभोवती जागा मोठी झाली आहे. हे पत्र आईला वाचून दाखव.

तुझ्या मायेने बरी झालेली,
भिंगरी

८ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी रोपवाटिकेतून पळतच घरी नेलं. वाटेत दोनदा थांबून आकड्याची ओळ वाचली. आज माझ्या हातून एकही कलम नीट झालं नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आईला खुर्चीत बसवून सगळं वाचून दाखवलं. बरी झाले आहे, तिथे तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. पुढे तुझा प्रश्न आला, नसलेल्या मुलाची कोण असते. मग आयांच्या अंगात मुलांच्या पेशी राहतात ते वाचलं. तुझी माझी थट्टा वाचून मी हसले. ती हसली नाही. उठून पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि तेवढीच ओळ पुन्हा वाच म्हणाली. वाचली. मग तिने विचारलं, मग तोही असेल का.

मला आधी कळेना. मग तिने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, जमिनीकडे बघत. तुझ्या माझ्या मध्ये एक मुलगा होता. पाचव्या महिन्यात पोटातच गेला. तिला दाखवलाही नाही. घरात त्यावर बोलायचं नाही असं ठरलं, आणि ती बोलली नाही. मला एवढंच आठवतं की आई बरेच दिवस निजून होती आणि माझी वेणी शेजारची बाई घालायची. मी तेव्हा कुणाला काही विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, मुलाचं नाव ठेवलं नाही, तोंड पाहिलं नाही, तेव्हा मी त्याची आई आहे की नाही हे मला इतकी वर्षं कुणाला विचारता आलं नाही. आज पोरीने विचारलं. तिला कळव म्हणाली, की रडू आलं म्हणजे आई आहे.

मग पुन्हा तेच विचारलं. तोही असेल का.

मला यातलं काय कळतं? तू तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार, पाच महिन्यांत गेलेल्याच्याही पेशी राहतात का, आणि काय म्हणतात ते मला कळव. पण आई माझ्या तोंडाकडे बघत बसली होती, आणि तुझं उत्तर येईपर्यंत थांबणं माझ्याच्याने झालं नाही. मी तिला हो म्हणून सांगून टाकलं आहे.

तिने दोन्ही हात उचलून छातीशी धरले. अजून तशीच बसली आहे.

त्याच्यासकट तिघांचा लोभ तुझ्यावर आहे.

तुझी
ताई